मेलेल्या टाकीचं वजन

तक्रार

सकाळी साडेसहालाच बंद सिनेमागृहासमोरच्या मैदानात दीडशे माणसं उभी होती आणि ती सगळी एका जुन्या पिकअपच्या डॅशबोर्डकडे बघायचा प्रयत्न करत होती. डॅशबोर्ड म्हणजे काही रंगमंच नव्हे. खिडकीतून एका वेळी दोन डोकी मावतात. त्यामुळे पुढचे दोघं जे पाहत ते मागच्यांना सांगत, मागचे आणखी मागच्यांना, आणि शेवटच्या रांगेत पोचेपर्यंत पेट्रोलचा काटा थरथरायचा, उजळायचा, एका बाईच्या सांगण्याप्रमाणे तर हुंकारही द्यायचा.

गाडीत बसलेला माणूस हे सगळं समाधानाने ऐकत होता. काटा शून्यावर आहे हे त्याने चौघांकडून वदवून घेतलं आणि काट्यावर एक पांढरा रुमाल टाकला. दादा, म्हणजे गाडीचे वारलेले मालक, काम करत असताना बघायचं नसतं, असं तो म्हणायचा. रुमाल पडला की माणसं डबे, कॅन, बाटल्या घेऊन पुढे सरकायची आणि गाडीच्या मागच्या टाकीच्या तोंडात आपापलं पेट्रोल ओतायची. मागची टाकी मेलेली होती, हे सगळ्यांना माहीत होतं. मेलेल्या माणसाला द्यायचं ते मेलेल्या टाकीतून, तो परत करणार जिवंत टाकीतून. इतकं सरळ होतं ते.

ओतून झालं की गाडी जागच्या जागी सुरू व्हायची. अर्धा तास नुसती घरघर. मग तो माणूस डॅशबोर्डवर लावलेल्या फोटोवर तळहात टेकवून डोळे मिटायचा, रुमाल उचलायचा, आणि पुढच्या टाकीचा काटा निवांतपणे अर्ध्यावर येऊन उभा राहायचा.

शेवटच्या रांगेत एक बाई हाताची घडी घालून उभ्या होत्या. वय अठ्ठावन्न. बोटांच्या पेरांत न निघणारं काळं, गुडघ्यांत न निघणारी कळ. गॅरेज त्यांचंच, म्हणून सगळे त्यांना मिस्त्रीबाई म्हणत. काटा वर चढला तेव्हा दीडशे तोंडांतून एकदम श्वास सुटला. मिस्त्रीबाईंनी जांभई दिली. चमत्काराचा अपमान करायचा म्हणून नव्हे. त्या खरोखरच दमल्या होत्या. पहिल्या रांगेत त्यांची धाकटी बहीण उभी होती, सुजलेले पाय चपलेत कसेबसे कोंबून.

गिऱ्हाईक काय म्हणतं ते आधी ऐकून घ्या

गॅरेजात मिस्त्रीबाईंचा हा पहिला नियम. गाडी खोटं बोलत नाही, गिऱ्हाईक बोलतं. पण ते नेमकं कुठे बोलतंय हे कळल्याशिवाय बॉनेट उघडण्यात अर्थ नसतो. म्हणून त्यांनी आठवडाभर नुसतं ऐकलं.

पिकअप मुळात एका ड्रायव्हरची. सगळे त्याला दादा म्हणत. किडन्या गेलेल्या पाच पेशंटांना तो आठवड्यातून तीनदा ऐंशी किलोमीटरवरच्या हॉस्पिटलात डायलिसिसला न्यायचा. वाटेत एक पेट्रोल पंप, बाकी नुसता रस्ता. चार महिन्यांपूर्वी दादा झोपेतच गेला. त्याच्या बायकोने गाडी आपल्या भावाच्या हवाली केली, एका अटीवर: पेशंटांची फेरी चुकवायची नाही. भाऊ, म्हणजे दादाचा मेव्हणा, त्याआधी बाजारात केस उगवायचं तेल विकायचा. स्वतः बारा महिने टोपी घालून.

दोन महिन्यांपूर्वी कधीतरी पुढची टाकी आपोआप भरलेली सापडली आणि मेव्हण्याचा मेव्हणेबुवा झाला.

बुवांची वाणी तेल विकणाऱ्याचीच होती, फक्त बाटली बदलली होती. ती साधारण अशी चालायची: माणूस जातो, पण त्याचं देणं जातं का, नाही जात, दादा आयुष्यभर पेशंटांसाठी पळाले, आता वरून पळताहेत, तुम्ही एक डबा द्या, ते दोन देतील, पंपावरचं पेट्रोल म्हणजे काय, विकतचं, विकतच्याला पुण्य असतं का, नाही असत, आणि शंका घेऊन ओतलंत तर कार्बोरेटरला बाधतं. या गाडीला कार्बोरेटर नव्हता. पण गर्दीला त्याचं काही नव्हतं. चमत्कार तिथे नमस्कार, बॉनेटखाली कोण बघतो?

भरलेल्या टाकीवर बुवा उरलेल्या दिवशी स्वतःची भाड्याची फेरी मारायचे. लोक दिवसाआड मेलेल्या टाकीत ओतत होते आणि ओतलेलं कोणी पेट्रोल म्हणून मोजतच नव्हतं. ते अर्पण होतं. अर्पण मोजायचं नसतं.

एवढ्यावरच भागलं असतं तरी मिस्त्रीबाईंनी सोडून दिलं असतं. जगात लोक याहून महाग गोष्टी याहून वाईट जागी ओततात. पण हॉस्पिटलची फेरी म्हणजे अख्खा दिवस जायचा, आणि गर्दी तर मैदानात जमायची. दोन्ही एकदम कसं जमणार? तेव्हा गेल्या शनिवारी बुवांनी पेशंटांकडे बघून नवीन माल काढला. जो रिकामी टाकी भरतो, त्याला तुमचं रक्त साफ करणं काय अवघड? श्रद्धा असेल त्याने एक फेरी सोडून बघावी. दादा सांभाळतील.

पाच पेशंटांपैकी एक टेलर होता, त्याने त्याच दिवशी ऐकलं. शनिवार सोडला. बरं वाटतंय म्हणाला. मग मंगळवारही सोडला.

धाकटी

बुधवारी दुपारी धाकटी पलंगावर भिंतीला टेकून बसली होती. मिस्त्रीबाईंनी तिच्या नडगीवर अंगठा दाबला. खड्डा पडला आणि बराच वेळ तसाच राहिला.

"उद्या मी जाणार नाही," धाकटी म्हणाली.

मिस्त्रीबाई खुर्चीत बसल्या. डॉक्टर काय म्हणाले, पोटॅशियम कसं चढतं, पाणी छातीत कसं जातं, हे सगळं दोघींना पाठ होतं. पुन्हा म्हणण्यात आवाज तेवढा खर्च झाला असता.

"बुवांवर माझा विश्वास आहे असं समजू नकोस," धाकटी म्हणाली. "तेलवाला आहे तो. पण तीन वर्षं झाली, ताई. आठवड्यात तीन दिवस तिथे, आणि उरलेले चार दिवस त्या तीन दिवसांचा थकवा. मला एक गुरुवार हवाय. कोणीतरी मोठ्या आवाजात सांगतंय की सोडला तरी चालेल. ते ऐकायला बरं वाटतं गं."

 मिस्त्रीबाईंनाही एक गुरुवार हवा होता; कितीतरी वर्षांपासून. मग त्यांना जे येत होतं तेच त्या बोलू लागल्या: त्या गाडीला दोन टाक्या, टाक्यांना एक झडप, झडपेला परतीची नळी...

"झडप मला कळत नाही," धाकटीने मधेच तोडलं. "मला वजन कळतं."

ते खरं होतं. डायलिसिसच्या माणसाला काही कळो न कळो, वजन कळतं. मशीनला लावायच्या आधी काट्यावर उभं करतात, काढल्यावर पुन्हा उभं करतात. मधे जे वाढलं ते पाणी. दोन घोट जास्त प्यायलेले नर्सपासून लपवता येतात, काट्यापासून नाही. एकदा धाकटी चोरून कलिंगड खाऊन गेली होती तर काट्याने फोड न फोड सांगितली.

"गाडीला काट्यावर उभं कर," ती म्हणाली. "वरून पेट्रोल येत असेल तर वजन वाढेल. वाढलं, तर मी उद्या घरी झोपणार आणि तू एक अक्षर बोलायचं नाहीस. नाही वाढलं, तर येते मुकाट्याने."

मिस्त्रीबाईंनी लगेच हो म्हटलं नाही. झडपेबद्दल त्यांची खात्री होती, पण सहा वर्षांपूर्वी बघितलेल्या झडपेबद्दल. गावातला एकच गाड्यांचा काटा भंगाराच्या वखारीत होता आणि तो पाच-पाच किलोंच्या उड्या मारत वजन दाखवायचा. एका भंगाराच्या काट्यावर बहिणीचा गुरुवार लावायचा होता.

"बरं," त्या म्हणाल्या.

काटा

गुरुवारी बुवांना मैदानातून वखारीत न्यायचं काम धाकटीनेच केलं. पहिल्या रांगेतून तिने आदबीने सुचवलं की दादा दर वेळी किती किलो देतात ते एकदा मोजून बोर्डावर लिहावं, लांबून येणाऱ्यांना आकडा लागतो. गर्दीला ते इतकं आवडलं की बुवा 'काट्याला श्रद्धा नसते' असं काहीतरी बोलेपर्यंत निम्मी माणसं चालू लागली होती. गर्दीवर बसलेल्या माणसाला गर्दी जाईल तिकडे जावं लागतं.

वखारीतला काटेवाला गळ्यात दोरीने चष्मा अडकवलेला, कोणावरही विश्वास नसलेला इसम होता. रद्दीच्या गठ्ठ्यात विटा घालून आणणारी माणसं बघण्यात त्याची तीस वर्षं गेली होती. त्याने गाडी काट्यावर घेतली, बुवांना आत बसू दिलं, बाकीच्यांना उतरवलं. भिंतीवरच्या लाल आकड्यांत एकवीसशे वीस उमटलं.

"काटा बरोबर आहे कशावरून?" बुवांनी खिडकीतून विचारलं.

प्रश्न चांगला होता. मिस्त्रीबाईंनी मनातल्या मनात त्याला दाद दिली. धाकटी काट्यावर चढून गाडीशेजारी उभी राहिली. एकवीसशे ऐंशी.

"साठ," काटेवाला म्हणाला.

"त्यातले चार माझे नाहीत," धाकटी म्हणाली आणि उतरली. आकडा पुन्हा एकवीसशे वीसवर आला. बाकीचे तीन पेशंट हसले. इतरांना ते कळलं नाही.

बुवांनी रुमाल टाकण्याआधी पेट्रोलचा काटा सगळ्यांना दाखवला: शून्य. मग अर्पण सुरू झालं. एकेक जण काट्यावर चढून मागच्या टाकीत ओतून उतरत होता, आणि दर दोन डब्यांमागे भिंतीवरचा आकडा उडी मारत होता. पंचवीस. तीस. चाळीस. शेवटचा माणूस उतरला तेव्हा एकवीसशे पंचावन्न.

मग पहिली कुजबुज झाली. एका म्हाताऱ्याने शेजाऱ्याला विचारलं की आपण दिलेलं तर दादांकडे जातं ना, मग गाडी जड कशी झाली? शेजारी म्हणाला, अजून पोचलं नसेल.

मिस्त्रीबाई एकदाच बोलल्या, आणि त्याही काटेवाल्याला ऐकू जाईल इतक्याच आवाजात. पुढची अर्धी टाकी म्हणजे पस्तीस लिटर. पस्तीस लिटर पेट्रोल म्हणजे पंचवीस किलो, एखादा इकडेतिकडे. बाहेरून आलं तर एकवीसशे ऐंशी दिसायला हवं. काटेवाल्याने खडूने भिंतीवर दोन आकडे लिहिले. एकवीसशे पंचावन्न. एकवीसशे ऐंशी. आणि तो चहा प्यायला लागला.

अर्धा तास गाडी घरघरत राहिली. अर्धा तास दीडशे माणसांनी रुमालाकडे न बघता भिंतीकडे बघितलं. चमत्काराच्या वेळी माणसं दुसरीकडे बघायला लागली की बुवांचं अवघड होतं. त्यांनी दादांच्या दोन आठवणी सांगून बघितल्या, एकदा आवाज कातर करून बघितला. आकडा जागचा हलला नाही.

शेवटी त्यांनी फोटोवर हात टेकवला आणि रुमाल उचलला. पुढच्या टाकीचा काटा अर्ध्यावर आला. खिडकीतल्या दोघांनी ओरडून सांगितलं. मागच्यांनी ऐकलं, पण पुढे कोणी पाठवलं नाही.

भिंतीवर एकवीसशे पंचावन्नच होतं.

"दादांच्या पेट्रोलला वजन नसतं," बुवा म्हणाले.

"बिनवजनाच्या मालाची पावती मी फाडत नाही," काटेवाला म्हणाला.

"माझ्या अंगातल्या पाण्याला वजन आहे, बुवा," धाकटी म्हणाली. ती कोणावर चिडलेली वाटत नव्हती. "ते दादा काढून घेणार होते ना? मग आत्ता मी उभी राहिले तेव्हा काट्यावर कुठून आलं?"

निदान

मिस्त्रीबाईंनी गाडीचं दार उघडलं, डॅशबोर्डवरचा फोटो अलगद काढून बुवांच्या मांडीवर ठेवला. फोटोमागे बोटाच्या पेराएवढा एक काळा खटका होता. एका बाजूला दाबला की पुढची टाकी, दुसऱ्या बाजूला दाबला की मागची. पेट्रोलचा काटाही जी टाकी चालू तिचंच सांगतो. तळहात फोटोवर टेकत होता तो यासाठी, आणि रुमाल होता तो काट्याची उडी दिसू नये यासाठी.

मग त्यांनी दमलेल्या आवाजात, कोणाला पटवायची घाई नसल्यासारखं, बाकीचं सांगितलं. टाकीतला पंप इंजिनाला लागतं त्याच्या कितीतरी पट पेट्रोल पुढे ढकलतो. इंजिन आपल्यापुरतं जाळतं, उरलेलं नळीने परत येतं. ज्या टाकीतून निघालं त्याच टाकीत ते परत जावं म्हणून मधे एक झडप असते. या गाडीची झडप अडकली आहे. मागच्या टाकीवर गाडी चालवली की उरलेलं सगळं पुढच्या टाकीत येऊन पडतं. गाडी उभी असेल तर जवळपास सगळंच उरतं. अर्ध्या तासात पस्तीस लिटर इकडचं तिकडे. एक थेंब वाढत नाही. उलट जळलं तेवढं कमी होतं, फक्त ते इतकं थोडं की पाच किलोंच्या काट्याला दिसत नाही.

ऐकणाऱ्यांच्या चेहऱ्यावर झडप काही उघडेना. तेव्हा पेशंटांपैकी एक, निवृत्त पोस्टमन, पुढे आला. त्याने बाही वर करून दंडावरच्या सुयांच्या खुणा दाखवल्या.

"हे बघा. या नळीने माझं रक्त मशीनमधे जातं, या नळीने परत येतं. आता समजा नर्सने परतीची नळी चुकून शेजारच्या पलंगावरच्याला लावली. तो होईल टवटवीत आणि मी होईन पांढरा. रक्त कोणाचं? माझंच ना?"

आता सगळ्यांना कळलं. एकदम, एका दमात कळलं. आडात नाही ते पोहऱ्यात आलं नव्हतं; एका आडाचं दुसऱ्या आडात ओतलं जात होतं, आणि ओतणारे तेच होते.

"पण मग मागची टाकी मेलेली आहे असं दादा का म्हणायचा?" म्हाताऱ्याने विचारलं.

हा प्रश्न येणार हे मिस्त्रीबाईंना माहीत होतं. त्याच विचाराने त्या आठवडाभर दमल्या होत्या.

"माझ्यामुळे," त्या म्हणाल्या. "सहा वर्षांपूर्वी त्याची पुढची टाकी उतू जायला लागली म्हणून तो माझ्याकडे आला. झडप मिळेना. मी म्हटलं, मागची मेली असं समज आणि पुढचीवर चालव. चिठ्ठी लिहून डॅशबोर्डला लावायला हवी होती. कंटाळा केला."

 मग एकाने वखारीचा काटाच बिघडला असेल असं म्हणून बघितलं, आणखी दोघांनी मान डोलावली. मिस्त्रीबाईंनी त्यांना समजावलं नाही. सगळ्यांना एकाच सकाळी शहाणं करायचं कंत्राट त्यांनी घेतलं नव्हतं.

बुवा अजून गाडीतच होते, फोटो मांडीवर धरून.

"पहिल्या दोन वेळा मलाही खरंच वाटलं होतं," ते हळू आवाजात म्हणाले. "शपथ."

"आणि तिसऱ्या वेळी?"

"तिसऱ्या वेळी गर्दी होती."

मिस्त्रीबाईंनी किल्लीसाठी हात पुढे केला. मेव्हण्याने किल्ली दिली आणि तो दुसऱ्या बाजूने उतरला.

दुरुस्ती

आठ वाजले होते. हॉस्पिटलची वेळ साडेदहाची. मिस्त्रीबाई चाकामागे बसल्या, धाकटी शेजारी, पोस्टमन आणि बाकीचे दोघं मागच्या सीटवर.

"टेलरच्या घरावरून घे," धाकटी म्हणाली.

टेलर शिवणयंत्रावर डोकं टेकून बसला होता. आडवं झालं की श्वास लागतो म्हणून रात्रभर तसाच बसला होता, असं त्याच्या बायकोने सांगितलं. तोंड सुजून डोळे बारीक झाले होते. बायकोने दारातच विचारलं, आज काटा चढला का? कारण चढला असेल तर हे म्हणतात, अजून एक फेरी सोडू.

"चढला," धाकटी म्हणाली. "वहिनी, तुम्ही ओतलेल्यानेच चढला. दादा देत असता तर गाडी जड झाली असती. नाही झाली. मी बघून आलेय." तिने टेलरच्या सुजलेल्या घोट्यावर बोट दाबलं आणि उचललं. "आणि हे बघा, हे कोणी नेलेलं नाही. सगळं इथेच आहे."

टेलरची बायको त्या खड्ड्याकडे बघत राहिली. मग तिने आत जाऊन त्याच्या चपला आणल्या. मिस्त्रीबाईंनी आणि पोस्टमनने त्याला दोन्ही बाजूंनी धरून गाडीत बसवलं. वाटेत पंपावर थांबून मिस्त्रीबाईंनी पुढची टाकी भरून घेतली. विकतचं पेट्रोल. कोणी शंका काढली नाही.

हॉस्पिटलात टेलरला काट्यावर उभंच राहता येईना. नर्सने कोणालाही न विचारता त्याला थेट मशीनला लावलं आणि मग बाहेर येऊन सगळ्यांवर तोंडसुख घेतलं. आणखी एक दिवस गेला असता तर आणायचे कष्ट वाचले असते, असं ती म्हणाली. अंगातून सात किलो पाणी काढायला तीन दिवस लागले. टेलर जगला. अजून जिना चढताना थांबतो, पण जगला.

झडप महिनाभराने एका मोडीत निघालेल्या गाडीतून मिळाली. ती बसवायला मिस्त्रीबाईंना तासभर लागला. ड्रायव्हर म्हणून आता पोस्टमनचा भाचा येतो. मेव्हणा कुठेतरी काहीतरी विकत असेल.

मिस्त्रीबाईंना लोक अजून विचारतात: देव नाहीच म्हणता का? त्या म्हणतात, मी टाक्यांबद्दल बोलते. एखादी गोष्ट बघून तोंडात बोट जात असेल तर जाऊ द्या, त्यात लाज नाही. पण दुसऱ्या हाताने तिला काट्यावर ठेवा. जे बाहेरून आलं असेल ते वजनात दिसेल. दिसलं नाही तर ते तुमच्याचपैकी कोणाकडून तरी आलेलं आहे, मग शोधा कोणाकडून. आणि ज्याला स्वतःला सुई टोचून घ्यायची नाही, त्याच्या सांगण्यावरून स्वतःची सुई चुकवू नका. तो कितीही गोड बोलो, आणि तुम्ही कितीही दमलेले असा.

धाकटीला तिचा गुरुवार मिळाला नाही. त्या दिवशी संध्याकाळी परत येताना ती खिडकीला डोकं टेकून झोपली होती. घराशी गाडी थांबल्यावर तिने डोळे न उघडता विचारलं, परवा किती वाजता?

"सातला," मिस्त्रीबाई म्हणाल्या. "चल, उतर."